शेळ्या-गाईंचे पावसाळी आजार : डॉक्टर येईपर्यंत गोठ्यात नेमके काय पाहावे?

शीळचा गोठेकरी | ४ जुलै, रात्री ९.४०

शीळफाट्यावरून आत, डोंगराच्या उतरणीला लागून असलेल्या गावात आमचा गोठा आहे. एक संकरित होल्स्टीन गाय, एक गीर आणि लहानमोठ्या धरून १७ शेळ्या, एवढाच पसारा. वडिलांच्या काळी भातशेतीसाठी बैल होते. आता चहूबाजूंनी गोदामे उभी राहिली आणि चराईला उरली ती टेकडीची एक बाजू. मी महाप्याला नोकरी करतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळचे दोन तास सोडले तर जनावरांवर नजर असते ती आईचीच.

गेल्या आठवड्यात दोन दिवसांत आमची तीन करडे गेली. तिन्ही अडीच-तीन महिन्यांची आणि कळपातली सर्वांत अंगाने भरलेली होती. पहिले सकाळी मेलेलेच आढळले. दुसरे आईच्या डोळ्यांदेखत गेले. मान पाठीकडे ताणून, चारही पाय झाडत ते पडले होते आणि अर्ध्या तासात संपले. तिसऱ्याचेही तसेच झाले. आईच्या मते दृष्ट लागली, कारण आदल्याच दिवशी आलेल्या पाहुण्याने त्यांचे तोंडभर कौतुक केले होते. शेजारी म्हणतात, पान लागले, म्हणजे साप चावला. माझा दोन्हींवर विश्वास बसत नाही, पण वेगळे कारणही मला सांगता येत नाही.

त्यातच परवापासून संकरित गाय वैरण सोडून मान खाली घालून उभी आहे. गावात सुई टोचून देणारा एक इसम येतो, त्याने इंजेक्शन दिले आणि पैसे घेऊन तो गेला. कोणते दिले असे विचारले तर ‘ताकदीचे’ एवढेच उत्तर मिळाले. सरकारी दवाखान्यातील डॉक्टर उद्या दुपारी येणार आहेत. त्यांना फोन केला तेव्हा ‘गाय खात नाही’ यापलीकडे मला काही सांगता आले नाही आणि त्यांच्या पुढच्या चारही प्रश्नांना मी निरुत्तर झालो. पाळणाऱ्याने डॉक्टर येण्याआधी काय पाहून ठेवावे, हे येथील जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

जुना पशुवैद्य | ४ जुलै, रात्री ११.१५

‘खात नाही’ हे वाक्य मी ३० वर्षांच्या नोकरीत रोज ऐकले आहे, आणि घटसर्पापासून दाढेत अडकलेल्या काडीपर्यंत प्रत्येक आजाराची सुरुवात त्याच वाक्याने होते. म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा असतो: गोठ्यात औषधाच्या बाटलीआधी थर्मामीटर असावा. औषधांच्या दुकानात माणसांसाठी मिळतो तोच डिजिटल थर्मामीटर चालतो. त्याच्या मागच्या टोकाला सुतळी बांधून तिला कपड्यांचा चिमटा लावावा आणि तो चिमटा शेपटीच्या केसांना अडकवावा, म्हणजे जनावराने शेण टाकले तरी थर्मामीटर गटारात जात नाही. टोकाला थोडे तेल लावून ते गुदद्वारात किंचित तिरपे धरावे, कारण टोक आतील भिंतीला टेकले पाहिजे. ते नुसते शेणाच्या गोळ्यात रुतले तर आकडा चुकीचा येतो. निरोगी गाईचे तापमान साधारण १०१.५ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते, शेळीचे १०२ ते १०३.५. दुपारच्या उन्हात बांधलेल्या जनावराचा आकडा एखाद्या अंशाने चढतो, म्हणून सकाळी गार वेळी मोजलेला आकडा अधिक विश्वासाचा.

हा आकडा हाती आला की निम्मी वाट दिसते. ताप असेल तर विचार जंतू, विषाणू आणि गोचिडीच्या आजारांकडे वळतो. ताप नसेल तर पोट, विषबाधा, कॅल्शियमची कमतरता, पोटात गेलेली तार अशा दिशेने पाहावे लागते, आणि आकडा नेहमीपेक्षा खाली असेल तर घाई करावी लागते.

दुसरे म्हणजे डाव्या भकाळीत, म्हणजे शेवटच्या बरगडीमागच्या खळग्यात, मूठ दाबून धरावी आणि घड्याळ लावून दोन मिनिटे थांबावे. निरोगी गाईचे पोट त्या वेळात दोन-तीन वेळा आतून लाट आल्यासारखे मुठीला वर ढकलते. लाट अजिबात नसेल, भकाळी ढोलासारखी ताणलेली असेल किंवा कणकेसारखी दबून तिथे मुठीचा खळगा राहत असेल, तर यांपैकी काय आहे ते डॉक्टरांना सांगावे. याखेरीज शेण किती, कसे आणि शेवटचे केव्हा टाकले, लघवीचा रंग कोणता, रवंथ चालू आहे का, नाकाड ओले की कोरडे, दूध किती उतरले आणि ते एका वेळेत उतरले की हळूहळू, एवढे एका कागदावर लिहून ठेवले तर फोनवर डॉक्टरांचे काम निम्मे होते.

आता करडांविषयी. धष्टपुष्ट करडे अचानक जाणे, मान मागे ताणणे आणि पाय झाडणे यावरून मला आंत्रविषाराची शंका येते. उत्तर देण्यापूर्वी मला एक सांगा: मरण्याच्या आदल्या दोन दिवसांत त्यांच्या खाण्यात नवे काय आले होते? आणि गाईचा ताप मोजून लगेच कळवा.

शीळचा गोठेकरी | ५ जुलै, सकाळी ७.२०

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. रात्रीच कल्याण फाट्यावरच्या दुकानातून थर्मामीटर आणला. सकाळी साडेसहाला गाईचे तापमान १०५.४ भरले, गीरचे १०१.३. गाईच्या पोटाची लाट दोन मिनिटांत एकच आली. शेण घट्ट आणि थोडे, लघवी नेहमीच्या रंगाची. डोळ्यांतून पाणी येते. तिच्या कासेच्या मागच्या बाजूला आणि कानांच्या आत गोचीड भरपूर आहेत, हे लिहिताना मला लाज वाटते, पण खरे तेच सांगतो.

करडांविषयी आपण विचारल्यावर आईकडून कळले की लगतच्या कार्यालयातील लग्नाचा उरलेला भात आणि पुऱ्या असा मोठा टोप आमच्याकडे आला होता. आईने तो वाया जाऊ नये म्हणून शेळ्यांपुढे ठेवला, आणि त्या गर्दीत सर्वांत पुढे घुसली ती हीच तीन करडे. शिवाय पहिल्या पावसानंतरचे कोवळे गवतही त्यांना चारच दिवसांपासून मिळू लागले होते. आंत्रविषाराची लस कधी दिलेली नाही.

जुना पशुवैद्य | ५ जुलै, सकाळी ८.०५

आधी गाय, कारण ती हाताशी आहे. तिच्या खांद्याच्या हाडाच्या पुढे, मानेच्या मुळाशी, कातडीखाली एक लांबट गाठ हाताला लागते. निरोगी गाईत ती शोधावी लागते. ती लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी झाली असेल, तर संकरित गाय, मोठा ताप, गोचीड आणि सुजलेली गाठ या चौकडीवरून थायलेरियाचा, म्हणजे गोचीडतापाचा संशय घ्यावा लागतो. आज येणाऱ्या डॉक्टरांना कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन तपासण्याची विनंती करा. लघवी कॉफीच्या रंगाची असती तर माझा संशय बबेसियाकडे झुकला असता. तोही गोचिडीमुळेच होतो, पण त्याचे औषध वेगळे, आणि म्हणूनच सूक्ष्मदर्शकाखालचा तो थेंब महत्त्वाचा. थायलेरियावर ब्युपर्वाक्वोन नावाचे औषध आहे आणि ते लवकर दिले तर गाय वाचते. रक्त पाण्यासारखे पातळ होऊन डोळ्यांच्या पापण्या पांढऱ्या पडल्यावर दिले तर पुष्कळदा हाती काही लागत नाही. ‘ताकदीच्या’ सुईत गेलेले दोन दिवस भरून येणार नाहीत, पण आजचा दिवस हातात आहे. त्या इसमाने काय टोचले ते बाटली पाहून कळले तर डॉक्टरांना अवश्य सांगा.

आता करडे. आपण सांगितलेला टोप हेच बहुधा कारण. आंत्रविषाराचा जंतू, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्सचा ‘डी’ प्रकार, थोड्या प्रमाणात निरोगी शेळीच्या आतड्यातही असतो. एकाएकी पिठूळ खाद्य, धान्य किंवा कोवळे लुसलुशीत गवत भरपेट मिळाले की न पचलेला स्टार्च आतड्यात उतरतो, जंतूंची बेसुमार वाढ होते आणि त्यांचे विष रक्तात जाऊन मेंदूवर व मूत्रपिंडावर घाला घालते. जे करडू जास्त खाते, ज्याच्या आईला दूध जास्त, तेच आधी मरते. आपल्या आईने सुदृढ करडे गेल्याचे जे पाहिले ते अगदी अचूक होते. फक्त दोष पाहुण्याच्या नजरेचा नसून टोपाचा होता. मोठ्या शेळ्यांनी तोच भात खाल्ला असता तर बहुधा पोटातील आम्लता वाढली असती: ताप नाही, पोट हलवले तर पखालीतल्या पाण्यासारखे डुचमळते, आंबूस वासाची पातळ हगवण होते आणि शेळी दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खाते. त्या वेळी खायचा सोडा किती द्यायचा, कसा द्यायचा, हे डॉक्टरांनी ठरवावे, परंतु टोप उचलून बाजूला ठेवणे हा पहिला उपचार आपल्याच हातात असतो.

आंत्रविषार एकदा सुरू झाला की औषधाला वेळच मिळत नाही. सारी भिस्त लसीवर. पहिल्यांदा लस देताना दोन ते तीन आठवड्यांच्या अंतराने दुसरी मात्रा द्यावीच लागते, एका मात्रेवर थांबणे म्हणजे अर्धी भिंत बांधून ठेवणे. पुढे दरवर्षी पावसाळ्याआधी एक.

आणखी एक विनंती. पुन्हा करडू गेले तर पुरू नका, दोन-तीन तासांच्या आत शवविच्छेदन करून घ्या, कारण या आजारात मूत्रपिंड मऊ पडते आणि मेलेले जनावर उशिरा उघडले तर ते सडल्यानेही तसेच दिसते. मात्र कोणतेही जनावर अचानक मरून नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठणारे काळसर रक्त वाहत असेल, तर त्याला कोणीही चिरू नये, कातडी काढू नये, कुत्र्यांनाही जवळ फिरकू देऊ नये. तो काळपुळीचा आजार असू शकतो, माणसाला होतो, आणि उघड्या हवेत त्या जंतूंचे बीजाणू वर्षानुवर्षे मातीत टिकतात. खोल खड्डा, चुना आणि पशुवैद्यकीय खात्याला तातडीचा फोन, एवढेच करावे.

मुरबाडकरीण | ५ जुलै, दुपारी २.३०

मी मुरबाड तालुक्यात गेली १२ वर्षे शेळ्या पाळते, आमच्या बचत गटाच्या मिळून शंभरावर आहेत. डॉक्टरसाहेबांनी सांगितले त्यात माझ्या अंगावर शेकलेली एक गोष्ट जोडते.

चार वर्षांपूर्वी बकरी ईद झाल्यावर भिवंडीकडच्या बाजारात न विकले गेलेले दोन बोकड स्वस्तात मिळाले म्हणून मी आणले. दूरच्या प्रवासाने ते थकलेले होते, एकाचे नाक थोडे वाहत होते, पण पावसात सर्दी होणारच अशी मी स्वतःची समजूत घातली आणि त्याच रात्री त्यांना कळपात सोडले. सहाव्या दिवशी कळपातल्या शेळ्यांना १०५-१०६ ताप, नाकातून आधी पाणी आणि मग पिवळा घट्ट शेंबूड, डोळ्यांना चिपडे, हिरड्यांवर आणि जिभेखाली कोंड्यासारखी पांढरी साल, आणि पाठोपाठ हगवण सुरू झाली. तोंडाचा वास असा की गोठ्याच्या दारातच कळावे. तो पीपीआर होता, म्हणजे शेळ्यांचा प्लेग. विषाणूवर औषध नाही. डॉक्टरांनी दिलेली प्रतिजैविके होती ती मागून येणाऱ्या न्यूमोनियासाठी. माझी ११ जनावरे गेली. ज्या शेजारणीने आदल्या वर्षी सरकारी शिबिरात शेळ्या नेल्या होत्या, तिच्या एकाही शेळीला काही झाले नाही, आणि तिचा गोठा माझ्या गोठ्याला पाठ लावून आहे. त्या लशीची एक मात्रा साधारण तीन वर्षे पुरते. त्यानंतर मी नवी शेळी २१ दिवस वेगळी बांधते, तिच्या पाण्याची बादलीही वेगळी ठेवते, आणि चारा-पाणी आधी घरच्या कळपाला देऊन मग नवीला देते.

शीळचे दादा, दुसरे असे की महिन्यातून एकदा प्रत्येक शेळीची खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहावी. आतला रंग जास्वंदीसारखा लाल असेल तर चिंता नाही, फिका गुलाबी असेल तर लक्ष ठेवावे, आणि कागदासारखा पांढरा असेल तर पोटात रक्त पिणारे कृमी आहेत असे समजावे. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते तीही याच कारणाने. आमच्या भातखाचरांच्या कडेने चरणाऱ्या जनावरांत तीच पिशवी यकृतातल्या चपट्या कृमींमुळेही दिसते, ते कृमी गोगलगायींमार्फत येतात आणि त्यांचे औषध वेगळे असते. म्हणून दुकानदार देईल ती बाटली सरसकट पाजण्याऐवजी लेंड्या काड्यापेटीत घालून दवाखान्यात तपासून आणाव्यात. सगळ्या कळपाला दर महिन्याला तेच औषध, तेही अंदाजाने कमी, असे केल्याने आमच्याकडे एका औषधाचा गुण येणेच बंद झाले.

दिव्याचा तबेलेवाला | ६ जुलै, पहाटे ४.५०

दूध भरून गाड्या निघाल्या, म्हणून आता लिहितो. आमच्या म्हशी आहेत, तेव्हा माझे अनुभव थोडे वेगळे.

खाडीलगतच्या सखल जागेत पहिल्या मोठ्या पावसात पाणी साचते आणि तेव्हा आम्हाला घटसर्पाची धास्ती असते. म्हैस संध्याकाळी नेहमीसारखे आंबोण खाते आणि पहाटे धारेच्या वेळी गळ्याखाली हात लावू न देणारी गरम सूज, जीभ बाहेर, आणि श्वासाचा घरघर आवाज तबेल्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येतो. ताप १०६-१०७. अशी म्हैस कित्येकदा दुपार पाहत नाही. घरघर सुरू होण्याआधी, नुसता ताप असताना डॉक्टर पोहोचले तरच वाचल्याचे मी पाहिले आहे. घटसर्पाची लस मे अखेरपर्यंत टोचून झाली पाहिजे, कारण प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. गळा सुजलेला पाहून बाकीच्यांना लस देण्याची धावपळ करणारे तबेले मी बरेच पाहिले.

ताप मोजण्याच्या मुद्द्यावर एक आठवण सांगतो. तिसऱ्या वेताची, १४ लिटरची म्हैस व्यायल्यावर दुसऱ्या दिवशी बसली ती उठेना. मान वळवून तिने कुशीवर टेकवली होती, कान थंड. आमच्या माणसाने कोणाकडून तरी ऐकले होते की हा दुग्धज्वर, म्हणून त्याने तापाची गोळी गुळात घालून आणली. मी थर्मामीटर लावला तर ९९. नावात ज्वर आणि अंगात ज्वर नाही, असा हा आजार. दूध उतरताना रक्तातले कॅल्शियम एकदम खाली जाते आणि स्नायू चालेनासे होतात. डॉक्टरांनी कॅल्शियमची बाटली शिरेतून, मध्येमध्ये छातीला कान लावत, अगदी हळू सोडली. बाटली अर्धी होईस्तोवर म्हशीच्या मांडीवर कंप आला, मग मोठा ढेकर, मग नाकाडावर घामाचे टिपूस, आणि शेवटी एवढा मोठा शेणाचा पो टाकून ती उभी राहिली. गोळी घेऊन उभा असलेला माणूस बघतच राहिला. अशा बसलेल्या जनावराच्या तोंडात गूळपाणी, तेल, काहीही ओतू नये. त्याला गिळता येत नाही आणि ओतलेले थेट फुफ्फुसात जाते.

मात्र लसींच्या आग्रहाबाबत डॉक्टरसाहेबांशी माझे भांडण आहे. लाळ्या-खुरकुताची लस टोचली की चार-पाच दिवस दूध घटते. चाळीस म्हशींवर रोज दोन-दोन लिटर धरा. ते नुकसान आमच्या खिशातून जाते आणि लस देणारा पुढच्या गोठ्यावर निघून जातो.

जुना पशुवैद्य | ६ जुलै, सकाळी ९.३०

आपले भांडण मला मान्य आहे, आपला निष्कर्ष नाही. लस टोचल्यावर थोडा ताप येतो आणि दूध काही दिवस घटते, हे लपवण्यात अर्थ नाही. हे आधीच सांगितले असते तर पुष्कळ तबेल्यांनी शिबिराच्या दिवशी दार लावून घेतले नसते. आता दुसऱ्या बाजूचा हिशेब पाहा. लाळ्या आलेली म्हैस १०४-१०५ तापात तोंडातून दोऱ्यासारखी लाळ गाळते, जिभेचे साल सोलून निघते, खुरांच्या बेचक्यात फोड फुटून ती पाय झटकत उभी राहते आणि दूध एकाच दिवसात निम्म्याखाली येते. बरी झाल्यावरही संकरित गाई कित्येकदा उन्हात कुत्र्यासारख्या धापा टाकतात आणि ते दूध त्या वेतात परत येत नाही. लहान वासरांच्या तर हृदयावर घाला पडतो आणि ती फोड न येताच मरतात. आपल्याकडची लस विषाणूच्या ‘ओ’, ‘ए’ आणि ‘एशिया-१’ या तीन प्रकारांवर आहे, वर्षातून दोनदा द्यायची असते, आणि २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ती मोफत मिळते. कानातला १२ अंकी बिल्ला त्याच नोंदीसाठी आहे. हवे तर दुधाची मागणी कमी असलेला आठवडा गाठून टोचून घ्या, आणि कळपात आजार दिसू लागल्यावर धार काढणाऱ्या माणसाने एका तबेल्यातून दुसऱ्यात जाणे थांबवा, कारण हा विषाणू हातावरून, चपलेवरून आणि दुधाच्या कॅनवरूनही प्रवास करतो.

लाळेविषयी मात्र फार गांभीर्याने लिहितो. लाळ गळते म्हणजे लाळ्याच, किंवा घशात काहीतरी अडकले, असे धरून तोंडात हात घालण्याची सवय जीवघेणी ठरू शकते. भटके कुत्रे चावल्यावर गाईला, शेळीलाही रेबीज होतो, आणि त्यात ती लाळ गाळते, विचित्र घोगऱ्या आवाजात हंबरत राहते, गिळू शकत नाही. फोड दिसत नाहीत आणि वागणे बदलले आहे, असे असेल तर हात बाहेर ठेवा आणि डॉक्टरांना तसे सांगून बोलवा. लाळ लागलेल्या प्रत्येक माणसाने जखम साबणाने भरपूर धुऊन लगेच रुग्णालय गाठावे.

नेरूळकर | ६ जुलै, सायंकाळी ६.१०

मी पशुपालक नाही. सोसायटीच्या फाटकाशी येणाऱ्या गाईंना रोज पोळ्या घालणाऱ्यांपैकी एक आहे. वरचा लग्नाच्या टोपाचा किस्सा वाचून अस्वस्थ झालो. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा आमच्या इमारतीत अनेकांनी गाईचे दूधच बंद केले होते. ती भीती योग्य होती का? आणि पोळ्या घालणे चुकीचे आहे का?

जुना पशुवैद्य | ६ जुलै, रात्री १०.००

लम्पीचा विषाणू माणसाला होत नाही, त्यामुळे ती भीती अनाठायी होती. डास, चावणाऱ्या माश्या आणि गोचीड तो पसरवतात. गाईला जास्त होतो, म्हशीला क्वचित. आपल्याकडे त्यावर शेळ्यांच्या देवीची लस वापरली गेली, कारण दोन्ही विषाणू एकाच कुळातले आहेत. ताप, खांद्यापुढच्या गाठीची सूज, मग अंगभर दोन ते पाच सेंटीमीटरच्या टणक गाठी, पायांवर सूज, असा त्याचा क्रम. दूध न उकळता पिण्याची भीती बाळगायची तर ती क्षयाची आणि ब्रुसेला या गर्भपात घडवणाऱ्या जंतूची बाळगावी. गाय शेवटच्या तिमाहीत गाभडली आणि वार अडकली तर उघड्या हाताने ती ओढू नये, कारण ब्रुसेला असल्यास तो हातमोज्यांविना काम करणाऱ्यालाच आधी गाठतो. त्याची लस फक्त ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना, आयुष्यात एकदाच दिली जाते.

एखाद-दुसऱ्या पोळीने गाय आजारी पडत नाही. पण एकाच गाईपुढे चाळीस घरांच्या पोळ्या आणि श्राद्धाचा भात पडतो तेव्हा ती आम्लतेने कोसळते. त्याहून वाईट म्हणजे गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी. गाय पिशवी सोडवून खात नाही. अशा गाईंच्या पोटातून पिशव्यांचा, दोऱ्यांचा, खिळ्यांचा घट्ट गोळा काढताना मी अनेकदा हजर होतो. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकताना पहिल्यांदा पाहिला आणि त्या दिवशी जेवलो नव्हतो. द्यायचे तर हिरवा चारा द्या, आणि पिशवी परत घरी न्या.

मुरबाडकरीण | ७ जुलै, सकाळी ११.२०

घरगुती उपायांविषयी कोणी बोलले नाही. खुरांच्या जखमेला मी हळद आणि करंजतेल लावते, माश्या बसत नाहीत. दगडी झालेल्या कासेला आमच्याकडे कोरफड, हळद आणि चुना यांचा लेप लावतात.

जुना पशुवैद्य | ७ जुलै, दुपारी १.४५

ताई, खुराच्या वरवरच्या जखमेला आपला उपाय मी स्वतः सांगतो. पावसात दारातच मोरचुदाच्या पाच टक्के द्रावणाचे उथळ टाके केले तर खूर कुजण्याचे प्रमाण आणखी घटेल. दगडीविषयी मात्र सावध राहावे. कासदाह वरून दगडासारखा कडक लागतो, पण त्याची सुरुवात आधीच दुधात झालेली असते. धारेच्या पहिल्या चार-पाच पिळ्या जमिनीवर न सोडता काळ्या कापडावर घ्याव्यात, त्यात गुठळी, पाणीदारपणा किंवा रक्ताची छटा दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. लेपाला आठ दिवस दिले की सड कायमचा जातो. तो सड सर्वांत शेवटी पिळावा, धारेनंतर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवावेत आणि जनावराला अर्धा तास बसू न देता पुढ्यात वैरण टाकावी, कारण सडाचे तोंड तेवढा वेळ उघडे राहते. प्रतिजैविक दिले असेल तर बाटलीवर लिहिलेल्या मुदतीपर्यंतचे दूध डेअरीला घालू नये, घरातही वापरू नये.

डागण्या देऊ नयेत, याबद्दल दुमत नसावे. तसेच डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक २००६ पासून जनावरांसाठी बंद आहे. ते दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले तर गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. ‘ताकदीची’ सुई देणाऱ्यांच्या पिशवीत माणसांसाठीची तीच बाटली मी पाहिलेली आहे.

शीळचा गोठेकरी | १३ जुलै, रात्री ८.३०

उशिराने लिहितो आहे, क्षमस्व. त्या दुपारी आलेल्या डॉक्टरांनी काचपट्टी घेतली, थायलेरियाच निघाला. खांद्यापुढची गाठ माझ्या मुठीएवढी होती. आठ वर्षे त्या गाईला खरारा करतो आहे, पण तिथे कधी हात गेला नव्हता. औषध दिल्यावर दुसऱ्या दिवशी ताप १०४, तिसऱ्या दिवशी १०२.८, आणि चौथ्या दिवशी सकाळी ती स्वतःहून गव्हाणीत तोंड घालून उभी होती. दूध अजून निम्मेच आहे. पापण्या फिक्या आहेत म्हणून रक्तवाढीचे औषध चालू आहे.

गोचिडीसाठी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे गाय, गीर आणि शेळ्या यांच्यावर एकाच दिवशी बाटलीवरच्या प्रमाणात औषध फवारले. गोठ्याच्या दगडी भिंतीच्या भेगांत टॉर्च मारून पाहिले तेव्हा मोहरीच्या दाण्यांसारखी अंडी थराने होती. नुसते जनावर धुऊन काय उपयोग झाला असता? भेगा सिमेंटने लिंपून घेतल्या, राहिलेल्या जागी गवंड्याच्या दिव्याने जाळ फिरवला. कोंबड्या आता दिवसभर गोठ्यातच सोडतो.

शेळ्यांना आंत्रविषाराची पहिली मात्रा ८ तारखेला झाली. आईने कार्यालयाच्या माणसाला टोप परत पाठवला आणि थर्मामीटर स्वतःच्या पदराला बांधून ठेवला आहे, मला मागून घ्यावा लागतो. दोन शेळ्या महिनाभरात विणार आहेत. त्यांना दुसरी मात्रा द्यावी की नको?

जुना पशुवैद्य | १३ जुलै, रात्री ९.१५

पहिली मात्रा चालली असेल तर दुसरीही जरूर द्यावी; त्यांच्या चिकातून नव्या करडांना पहिले काही आठवडे संरक्षण मिळेल, म्हणून जन्मल्यावर अर्ध्या-एक तासात चीक पाजण्याचे आईंना सांगून ठेवा. टोचताना शेळीला ओढाताण करून धरू नये, सावकाश धरावे. आणि दुसऱ्या मात्रेच्या सकाळी त्या दोघींचे तापमान घ्या. १०४ च्या वर असेल तर त्या दिवशी लस थांबवून आधी ताप कशाचा ते पाहावे.